फोन परत दिला होता

आबांच्या घरून निघायचं म्हणजे अर्ध्या तासाचं काम असायचं. पाहुणा उठला की ते म्हणत, "बसा की. जल्दी काय हाय?" पाहुणा पुन्हा उठला की त्याच्याबरोबर ओट्यापर्यंत येत. ओट्यावर पाऊसपाण्याचं बोलणं होई, मग चपला घालून देवळाच्या वळणापर्यंत जात, आणि ज्या कामासाठी पाहुणा आला होता तो विषय तिथं उभं राहून पहिल्यांदा निघे. मी गणिताची बाई. घंटा झाली की खडू ठेवायचा आणि वर्गाबाहेर पडायचं एवढंच मला माहीत. त्यामुळे पहिले सहा महिने मला हा माणूस चक्क वेळखाऊ वाटला.

पिंपळगाव रेणुकाईच्या हायस्कुलात मी पाच वर्षं होते आणि पाचही वर्षं आबांच्या स्लॅबच्या घरातल्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. आबांना जाऊन आता बराच काळ झाला. तिकडचं कुणी भेटलं की त्यांच्या गमती निघतात, सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण मला त्या हसण्यात पुरतं सामील होता येत नाही. एका फोनच्या पायी मी त्या माणसाचं बाजारातलं नाव घालवायच्या बेतात आले होते. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी आबा सांगावे लागतील.

बाजार म्हणजे हिरव्या मिरचीचा. हंगामात दुपार कलली की गावात मिरचीच्या गोण्या येऊ लागतात, आणि नवख्या माणसाला नाकाला पदर लावल्याशिवाय त्या रस्त्यानं जाता येत नाही. शेतकरी म्हणणार माल आज सकाळचा तोडलेला आहे, व्यापारी म्हणणार कालचा आहे आणि वजनासाठी पाणी मारलंय. आवाज चढले की दोघं आबांकडे येत. आबा व्यापारी नव्हते की अडत्ये नव्हते. चार एकरांत मिरची लावणारे शेतकरी, बस. ते गोणीत कोपरापर्यंत हात घालत, तळातल्या चार मिरच्या वर काढत, एक मोडून बघत आणि सांगत, "कालचा हाय. पण पाणी न्हाई मारलं." विषय संपला. त्या एका वाक्यावर माल ट्रकमध्ये चढे. कुणी काही लिहून घेत नसे, आणि आबांना त्याबद्दल काही मिळतही नसे. चहासुद्धा ते स्वतःच्या पैशानं पीत.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट असा, की कुठलीही गोष्ट सोडताना तिची रीतसर पाठवणी झाली पाहिजे. बैल विकला की नव्या मालकाच्या शिवेपर्यंत त्याच्याबरोबर चालत जायचं, तिथं त्याला गुळाचा खडा भरवायचा आणि मागं न बघता परत यायचं. हे एक वेळ समजण्यासारखं आहे. पण एसटीतून उतरतानाही ते पुढं जाऊन ड्रायव्हरला "येतो बरं का" म्हणत आणि मागं अडकलेले प्रवासी बोंब मारत. दाढ काढली तेव्हा ती डॉक्टरांकडून कागदात बांधून आणली आणि परसातल्या लिंबाखाली पुरली. मी हसले, तर म्हणाले, "साठ वर्षं चावून दिलं तिनं. तशीच कचऱ्यात टाकू का?"

भांड्याचं तर विचारूच नका. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे, पण घरोघरी ती कुठंतरी थांबते. मी पहिल्या महिन्यात एक वाटी खीर खाली पाठवली. दुसऱ्या दिवशी माझी वाटी आली आणि सोबत त्यांची मोठी वाटी मुगानं भरून आली, कारण माझी लहान पडली. आता त्यांची वाटी मी रिकामी कशी देणार? त्यात लाडू गेले. पाच वर्षं त्या दोन वाट्या जिन्यावरून वरखाली फिरत होत्या. त्यातली कुठली कुणाची, हे शेवटी शेवटी आबांच्या सुनेलाही सांगता येईना. तिला मी वहिनी म्हणायची. आबांच्या सगळ्या तऱ्हा निमूटपणे निभावून नेणारी ती बाई होती आणि पुढचं बरंचसं मला तिच्याकडूनच कळलं.

पावती हा शब्द मात्र आबांसमोर काढायची सोय नव्हती. एकदा शाळेच्या क्लार्कनं टॅक्सच्या कागदांसाठी माझ्याकडे घरभाड्याची पावती मागितली. मी खाली जाऊन आबांना सांगितलं.

"तू हितं राहती हे साऱ्या गावाला दिसून राह्यलं," आबा म्हणाले. "कागद कशाला?"

"नियम आहे, आबा."

"भाडं घेऊन मी न्हाई म्हणीन असं वाटतं का तुला?"

आता यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले, हेडमास्तरांच्या हाताला धरून त्यांना घरी घेऊन गेले, जिना चढवून माझ्या खोल्या दाखवल्या, दोरीवरचे माझे कपडे दाखवले, चहा पाजला आणि म्हणाले, "बघितलं ना? आता तुम्हीच लिहा काय ते." हेडमास्तरांनी मुकाट्यानं दाखला लिहून दिला. पुढचा आठवडाभर मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होते.

घरात फोन घेतला तो माझ्यासाठी. माझी आई जांब समर्थजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची आणि तिचं हृदयाचं दुखणं होतं. तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, पण इकडून लावायचा तर बूथवर रांगेत उभं राहावं लागे, आणि माझा नंबर येईपर्यंत शेजाऱ्यांची जेवायची वेळ व्हायची. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. गावाबाहेर एका खाजगी कंपनीचा टॉवर उभा राहिला. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तारेची भानगड नाही, पांढरा डबा टेबलावर ठेवायचा, वीतभर अँटेना उभी करायची की फोन सुरू. एजंट घरी आला आणि त्यानं रहिवासाचा पुरावा मागितला. माझं नाव आईकडच्या रेशनकार्डात होतं. आबा आत गेले, स्वतःचं रेशनकार्ड घेऊन आले आणि एजंटनं बोट ठेवलं तिथं तिथं सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही.

"बोल रोज माईसंगं," मला म्हणाले. "म्हातारीला बरं वाटन."

अशा रीतीनं फोन आबांच्या नावावर, डबा माझ्या खोलीत आणि बिल भरायची मी, अशी व्यवस्था झाली. खरंच रोज संध्याकाळी आईचा आवाज ऐकू येऊ लागला. माझा दिवसभराचा शीण त्या पाच मिनिटांत जायचा.

कधीमधी आबांनाही फोन यायचे, बहुतेक सिल्लोडच्या व्याह्यांचे. आबा टोपी नीट करून, उभे राहून बोलत. पण त्यांचा एक नियम होता: आपण आधी फोन ठेवायचा नाही, ते समोरच्याला हाकलून दिल्यासारखं होतं. आणि नशीब असं की व्याही त्यांच्याच मापाचे निघाले. "ठेवा तुम्ही." "न्हाई न्हाई, आधी तुम्ही." मग दोघंही गप्प, रिसीव्हर कानाला तसेच. एकदा आबांनी लावलेला फोन असाच लांबला, तेव्हा मी वैतागून मधलं बटण दाबून टाकलं. आबा माझ्याकडे बघतच राहिले. "त्यांच्या तोंडावर दार लावलं तू," म्हणाले. मग माफी मागायला मला पुन्हा फोन लावून द्यावा लागला, आणि तोही संपेना.

मला यायचं असतं तेव्हा मी येते आणि जायचं असतं तेव्हा जाते. हा माझा स्वभाव आहे आणि मी तो कधी लपवला नाही. पाचव्या वर्षी आईला झटका आला. आमच्या संस्थेची अंबडला शाळा होती, तिथं मी बदली मागून घेतली आणि चार दिवसांत सामान बांधलं. आईला अंबडला आणायचं होतं, घर बघायचं होतं, दवाखाना होता. फोन बंद करायचं तेवढं राहून गेलं. कंपनीचं ऑफिस जालन्याला. मी अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, दोन्हींवर आबांच्या सह्या घेतल्या आणि त्यांना नीट समजावून सांगितलं, "आबा, हा डबा आणि हा अर्ज जालन्याला नेऊन द्या. आणि ही दुसरी प्रत आहे ना, हिच्यावर त्यांचा शिक्का मारून घ्या. शिक्का विसरू नका." आबांनी मान हलवली.

निघताना वहिनींनी मला कुंकू लावलं, साडी दिली. आबा स्टँडपर्यंत आले आणि गाडी लागल्यावरही खिडकीखाली उभे राहून काही सांगत होते. काय ते मला आठवत नाही. माझं लक्ष सामानाकडे होतं.

आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्यांना बोलावून घेतलं.

"आबा, फोनचं झालं का?"

"झालं. देऊन आलो."

"बरं झालं," म्हणून मी ठेवून दिला. शिक्क्याचं विचारलं नाही. आईच्या औषधाची वेळ झाली होती, हे कारण खरं आहे, पण अपुरं आहे. माझ्या डोक्यातून तो विषय गेला होता.

त्या दिवशी जालन्याला काय झालं ते वहिनींनी मला फार नंतर सांगितलं. आबांनी फोनचा डबा पुसून स्वच्छ केला, नव्या टॉवेलात बांधला. पिशवीत सोबत वाळलेली लाल मिरची घेतली आणि गुळाची लहान ढेप घेतली. ज्या वस्तूनं रोज मायलेकींचं बोलणं करून दिलं ती रिकामी कशी परत द्यायची? काउंटरवरच्या मुलीनं गूळ बघितला आणि तिला हसू फुटलं. तिनं आबांना खुर्ची दिली, पिशवी घेतली, अर्ज घेतला आणि म्हणाली, साहेब आले की करते. दुसरी प्रत आबांच्या खिशात तशीच राहिली.

"शिक्का न्हाई घेतला?" घरी आल्यावर वहिनींनी विचारलं होतं.

"टॉवेल-गूळ देऊन पाठवणी केली त्याची. मंग त्या लेकराकडून लिहून मागू का, तू घेतलं म्हणून? शोभतं का ते?"

ती मुलगी पुढं नोकरी सोडून गेली म्हणे. डबा कुठं गेला, अर्ज कुठं गेला, कुणालाच माहीत नाही. कंपनीच्या हिशेबी आबांचा फोन चालूच होता. बिलं येत राहिली. आबा ती इंग्रजी पाकिटं कोनाड्यात ठेवून देत, कारण परत दिलेल्या वस्तूचं बिल असू शकतं हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. मग नोटिसा आल्या आणि ऐन उन्हाळ्यात मोटरसायकलवरून दोन वसुलीवाले आले.

आबांनी त्यांना ओट्यावर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. वहिनी तांब्या-पेला घेऊन बाहेर आल्या.

"पाणी नको," त्यातला जाडा म्हणाला. "बिल कवा भरता ते सांगा, काका."

"उन्हातून आले तुम्ही. आधी पाणी घ्या, मंग बोलू."

"आम्हाला घ्यायचं न्हाई."

"मंग मलाबी बोलायचं न्हाई."

वहिनींकडून हे ऐकताना मला हसू आलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. ते दोघं आपल्याच भागातले होते. ज्या घरचं पाणी प्यालो त्या घराच्या ओट्यावर चढ्या आवाजात बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि चढ्या आवाजात बोलणं हीच त्यांची रोजी होती. ते उन्हात उभे राहिले. आबाही ओट्यावरून उठून त्यांच्याशेजारी उन्हात उभे राहिले आणि त्यांनीही पाणी घेतलं नाही. वहिनी तांब्या धरून दारात. अर्ध्या तासानं ते दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले, तिथं पाणी पिऊन परत आले आणि मग मोठ्यानं बोलू लागले. आबांना त्यांच्या बोलण्यापेक्षा ते हॉटेलातलं पाणी जास्त लागलं.

"फोन परत दिल्ता मी," आबा सांगत होते.

"कागद दाखवा."

"कागद न्हाई. मी सांगून राह्यलो ना."

"तुमच्या सांगण्याला काय करायचं, काका?"

असं वाक्य आबांना जन्मात कुणी ऐकवलं नव्हतं. मग जाड्यानं आवाज उतरवून सौदा सुचवला. फोन वापरणारी मास्तरीण होती, हे त्यांना कळलं होतं. तिचा पत्ता द्या, आम्ही तिच्याकडून घेतो, तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवत नाही.

"पत्ता पाठ हाय मला," आबा म्हणाले. "पण देणार न्हाई. साडी-चोळी करून पाठवली ती लेक. लेकीच्या दारात आम्ही वसुली न्हाई धाडत."

ते गेल्यावर वहिनींनी हात जोडले. "आबा, भरून टाका ना. दोन दिवसांच्या मिरचीच्या पैशाचं काम हाय."

"भरले म्हणजे मी दिला न्हाई असं झालं," आबा म्हणाले.

आणि तिथंच सगळं अडलं. पैसे नव्हते असं नाही. पण ज्या माणसाच्या तोंडच्या वाक्यावर बाजार चालतो त्यानं आपलं वाक्य पैसे देऊन मागं घ्यावं, हे त्यांना जमणारं नव्हतं. वसुलीवाले पुन्हा आले, तेव्हाही पाण्यावरून तसंच झालं. तिसऱ्या वेळी ते घरी आलेच नाहीत. मिरचीचा हंगाम सुरू झाला होता. ते थेट बाजारात गेले. आबांचा हात कोपरापर्यंत गोणीत होता. समोर शेतकरी, व्यापारी, हमाल, सगळं गाव.

"हे बघा," जाडा ओरडला, "हे लोकाचा माल खरा-खोटा सांगतेत, अन् कंपनीचा फोन घरात दाबून बसलेत!"

कुणी काही बोललं नाही. आबांनी गोणीतून हात काढला, हौदावर जाऊन धुतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाजारात जाणं बंद केलं.

मला हे कळलं तेव्हा हंगाम सरत आला होता. आमच्या जुन्या शाळेचा शिपाई अंबडच्या स्टँडवर भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, आबानं बाजार सोडला की. तुमच्या त्या फोनपायी." मी तिथंच उभ्या उभ्या सगळं काढून घेतलं. आईजवळ शेजारणीला बसवून दुसऱ्या दिवशी पिंपळगाव गाठलं.

आबा ओट्यावर होते. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "माई कशी हाय?" म्हणाले. त्यांची दाढी वाढली होती. मी उत्तरही दिलं नाही.

"मला कळवलं का नाही?" मी ओरडले. "शिक्का घ्या म्हणून सांगितलं होतं की नव्हतं? एक शिक्का, आबा! दोन मिनिटांचं काम!"

"तू सांगितलं व्हतं. बराबर हाय," ते म्हणाले. "पण मी दिल्ता."

"मग पत्ता का नाही दिला माझा? मी काय पळून गेले होते?"

"माईचं दुखणं तुझ्या मागं. त्यात अजून हे कुठं?"

मी आणखी बरंच बोलले. वर्गात पोरांना बोलते तसं त्या वयाच्या माणसाला बोलले. ते ऐकत राहिले. त्या दिवशी मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला गेले.

काउंटरवर नवा माणूस होता. त्यानं बराच वेळ शोधलं, किंवा शोधल्यासारखं केलं. आबांचा अर्ज कुठंच नव्हता. "मॅडम, तक्रार करा," तो म्हणाला, "पण वर्ष जाईल. भरून टाकलं तर आजच्या आज दाखला देतो. पुन्हा कुणी येणार नाही." मी गणिताची बाई. एका बाजूला मला परवडणारी रक्कम, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या माणसाची विटंबना. हिशेब कितीसा अवघड होता? मी पैसे भरले, दाखला घेतला, तो ओळ न् ओळ वाचला, शिक्का दोनदा तपासला. राजूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून पेढे घेतले. इतकी मी खुशीत होते.

आबांनी चष्मा लावला, पण कागद माझ्याच हातात दिला. "वाच," म्हणाले.

मी वाचला. सदर ग्राहकानं थकबाकीची संपूर्ण रक्कम भरली असून आता त्यांच्याकडून काहीही येणे बाकी नाही.

"थकबाकी व्हती असं लिहिलं."

"आबा, ती लिहायची पद्धत असते. आता तुमच्या दारात कुणी येणार नाही."

"ते बरं झालं," आबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "पण माय, मी खोटा ठरलो. आतापस्तोर नुसते ते म्हणत व्हते. आता आपल्याच घरचा कागद म्हणून राह्यला."

ते रागावले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला, पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि दाखला घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. मला इतकी लाज क्वचितच कधी वाटली असेल. इतके महिने ऊन, शिव्या, बाजारातला अपमान सगळं सोसून त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती, आणि मी सकाळी जाऊन, रांगेत उभं राहून, स्वतःच्या पैशानं ती कंपनीला देऊन आले होते. कुणाला न विचारता.

पेढा हातात तसाच होता. मी उठले.

"चला आबा."

"कुठं?"

"बाजारात."

"न्हाई," ते म्हणाले. "मी न्हाई येत."

"उठा," मी म्हणाले. हा आवाज मी फक्त शेवटच्या बाकावरच्या पोरांसाठी ठेवलेला आहे. वहिनी दारातून बघत होत्या. आबा उठले.

शेवटचे ट्रक भरत होते. त्या बाजारात गोण्या शिवणाऱ्या मजूर बायका सोडल्या तर बाईमाणूस नसतं. मी सरळ वजनाच्या मोठ्या काट्यावर चढले. तिखटानं घसा धरला होता, पण साठ पोरांचा वर्ग सांभाळलेला आवाज होता तो.

"ऐका सगळे! तो फोन माझा होता. आबांनी तो जालन्याला नेऊन परत दिला होता. माझ्या डोळ्यांदेखत नाही दिला, त्याचा कागदही नाही, पण दिला होता. आज मी कंपनीचे पैसे भरून आले, ते माझ्या घाईनं आणि माझ्या मूर्खपणानं. आबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. आबा खोटे नाहीत."

सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. ज्याचे सगळ्यात जास्त ट्रक भरायचे आणि आबांशी ज्याचं नेहमी वाजायचं, तो थोराड व्यापारी पुढं आला.

"मॅडम, खाली उतरा," तो म्हणाला. "काटा बिघडन."

लोक हसले. मी उतरले.

"अन् फोन दिल्ता हे आम्हाला काय आज कळून राह्यलं का?" तो म्हणाला. "आबा म्हणले दिला, म्हणजे दिला. ह्याच्यात कुणाला शंका व्हती?"

"बिलकुल न्हाई," मागून दोन-तीन जण म्हणाले.

आबा एवढा वेळ माझ्यामागं उभे होते. ते पुढं झाले. त्यांचा आवाज चढलेला मी पाच वर्षांत ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"मंग त्या दिवशी एक जण तरी बोलला का रे?"

व्यापाऱ्यानं मान खाली घातली.

"न्हाई बोललो," तो म्हणाला. "तुम्हीच बोलताल असं वाटलं. तुम्ही हात धुऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाय धरावे म्हणलं, तर तुम्ही आलेच न्हाई. मंग रोजच यायची लाज वाटाया लागली तुमच्या दारात."

"मलाबी हितं यायची लाजच वाटत व्हती," आबा म्हणाले.

मग व्यापाऱ्यानं चहा सांगितला आणि आबांनी तो घेतला. पैसे कुणी दिले ते मी बघितलं नाही. माझी जालन्याची शेवटची गाडी होती, आई वाट बघत होती, आणि तरीही मी थांबले. चहा संपला. आबांनी खिशातून तो घडी केलेला दाखला काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा तुझ्यापाशी ठेव, माय," ते म्हणाले. "मला आता लागत न्हाई."